चुकवलेलं पान

अमोलच्या पायाला त्या श्रावणात भिंगरीच लागली होती. पहाटे पाचला रोह्यातल्या घरून मोटारसायकल काढायची, नागोठण्याजवळच्या कंपनीत सहा ते दोन फर्स्ट शिफ्ट करायची आणि सुटल्यावर घराकडे न वळता उलट्या अंगाने पेणकडे निघायचं. पेणच्या बाजारात प्रसादाला केळी घ्यायची, खाडीकडच्या रस्त्याला लागायचं आणि चारच्या आत धाकटेखारला, आपल्या गावी, पोचून, पाय धुऊन, चौरंगापुढे मांडी घालून बसायचं. कशासाठी? तर पोथी वाचायला. महामार्गावरच्या खड्ड्यांमधून रोज एवढी हाडं खिळखिळी करून घेणारा पोथीवाचक अख्ख्या जिल्ह्यात दुसरा सापडला नसता.

ही जागा त्याच्या बापाची. नाथा मिठागरात राबला, पण श्रावण लागला की तीस वर्षं देवळाच्या ओटीवर पांडवांची पोथी त्यानेच वाचली. मागच्या फाल्गुनात तो गेला. यंदा वाचायचं कोणी, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी अमोलकडे पाहिलं आणि अमोलने आईकडे.  इंदुबाईने लाल फडक्यात बांधलेली पोथी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली, एवढंच.

त्याला नाही म्हणता आलं असतं. पण त्या वर्षात नाही म्हणायची त्याची ताकदच संपली होती. कंपनीतलं त्याचं युनिट दिवाळीआधी बंद व्हायचं होतं. साहेबांनी कागद हातात दिला होता. गुजरातेत, समुद्राकाठी, कंपनीचा नवा प्लान्ट सुरू होत होता. तिथे जायचं तर शनिवारच्या आत हो कळवायचं, नाहीतर हिशोब घेऊन घरी बसायचं. गावाकडेही काही बरं चाललं नव्हतं. आषाढातल्या उधाणाला बाहेरच्या बांधाला खांड पडून खारं पाणी भातात शिरलं होतं. नवीन शहर येणार म्हणून कोणीतरी शेतांतून लाल रंगाच्या खुंट्या मारून गेलं होतं. त्या कोणाच्या, हे ग्रामपंचायतीलाही धड सांगता येत नव्हतं. जिकडे पाय टाकावा तिकडची जमीन हलत होती.

अमोलने मनाशी एक ठरवून टाकलं होतं, म्हणजे ठरवलं असं तो स्वतःला सांगत होता. गुजरातला जायचं नाही. हिशोब घ्यायचा, रोह्यात बारीकसारीक काहीतरी बघायचं आणि आईला इथून उचलून रोह्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात न्यायचं. बायकोला, समीक्षाला, त्याने हे सांगितलं तेव्हा ती वह्या तपासत होती. ती शाळेत शिकवते. मुलगी ऋतुजा आत अभ्यासाला बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "आईंना विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? बांध फुटला तर ती एकटी काय करणार आहे?"

"मग गुजरातचं तरी सांगितलंस का?"

"उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?"

"कोणाच्या जिवाला घोर आहे ते मला रोज दिसतंय," समीक्षा म्हणाली. "हो म्हण, नाही म्हण, मी आणि ऋतुजा दोन्हीकडे निभावून नेऊ. पण अमोल, काहीतरी एक म्हण. रात्रभर कुशी बदलतोस, तुझ्यापायी आमचीही झोप नाही."

बापाचा एक नेम होता. उद्याचा अध्याय आज मनात एकदा वाचून घ्यायचा, म्हणजे लोकांसमोर जीभ अडखळत नाही. अमोलला घरी तेवढी सवड नव्हती, म्हणून तो पुढच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवी आणि वाटेत गडबला टपरीवर चहा पिता पिता वाची. गुरुवारीही तो तसाच बसला. बाहेर पाऊस धो धो, टपरीच्या पत्र्याखाली चार ट्रकवाले, आणि हा मोबाइल डोळ्यांशी धरून ओठ हलवत बसलेला. टपरीवाल्याला वाटलं की गडी कर्जाचे नाहीतर कोर्टाचे कागद वाचतोय.

अध्याय खांडववनाचा होता. पांडवांना नवी राजधानी उभारायची आहे, त्यासाठी जंगल पेटतं. एवढं अमोलला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याच्या मधल्या दोन पानांत काय आहे, ते मात्र त्याने कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. पोरवयात त्या वेळी त्याचं सगळं लक्ष केळ्यांवर असे. त्या जळत्या जंगलात जरिता नावाची एक पक्षीण आहे. तिची चार पिल्लं आहेत आणि त्यांना अजून पंख फुटलेले नाहीत. आग जवळ येते तशी ती घरट्याभोवती घिरट्या घालते. चौघांना एकदम उचलता येत नाही आणि एकालाही टाकवत नाही. शेवटी ती झाडाच्या बुंध्याशी असलेलं उंदराचं बीळ पाहते आणि म्हणते, बाळांनो, यात शिरा, मी वरून माती लोटते. पिल्लं नको म्हणतात.

अमोलने फोटो पुढे सरकवला. पिल्लांनी आईला काय सांगितलं, ते त्याने वाचलं आणि मोबाइल खिशात टाकला. चहा तसाच राहिला. पेणपर्यंत त्याने गाडी इतकी जोरात हाकली की एका एसटीवाल्याने त्याचा आईबापासकट उद्धार केला.

धाकटेखारच्या ओटीवर माणसं जमली होती. पावसाने अंधारून आलं होतं, म्हणून समई लवकर लावली होती. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये, आणि चौरंगाशेजारी भिंतीला टेकून बाबाजी. बाबाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, नाथाच्या बरोबरीचे. वाचणाऱ्याने ओव्या वाचायच्या आणि बाबाजींनी अर्थ सांगायचा, अशी गावाची रीत होती. बाबाजींचे अर्थ सगळ्या गावाला पाठ होते. अध्याय कोणताही असो, शेवटी देवावर भरवसा ठेवा, इथेच ते येऊन टेकत.

इंदुबाई तिच्या नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसली होती. मांडीवर हात, डोळे मिटलेले. तिला अक्षरओळख नाही. तीस वर्षं ती तशीच बसून ऐकत आली होती आणि तीस वर्षांत त्या ओटीवर तिने एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

अमोलने वाचायला सुरुवात केली. आवाज बापासारखा, सगळे म्हणत. जंगल पेटलं, हरणं धावली, हत्ती ओरडले, इंद्राने पाऊस पाडला आणि तो बाणांनी वरच्या वर अडवला गेला. पान संपलं. पोथीची पानं सुटी असतात, वाचून झालेलं पान उचलून डाव्या बाजूला पालथं ठेवायचं. अमोलने एक पान उचलायच्या ऐवजी तीन उचलली. वाचून झालेलं एक आणि त्याखालची दोन. सूर न तोडता तो थेट पुढच्या ओवीवर गेला, जिथे आग विझली आहे आणि मय नावाचा कारागीर अर्जुनापुढे हात जोडून उभा आहे. कोणाच्या ध्यानात येणार होतं? बाबाजी पेंगत होते. बाया वाती वळत होत्या. त्याने सुटकेचा श्वास घेतला आणि वाचत राहिला.

"पान सुटलं."

आवाज इतका हळू होता की आधी कोण बोललं तेच कळेना. अमोल थांबला.

"पान सुटलं रं," इंदुबाई म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. "पाखराची आई ऱ्हायली."

ओटीवर चुळबुळ झाली. बाबाजी जागे झाले आणि म्हणाले, "अगो इंदू, पानं चिकटली असतील, पावसाचे दिवस."

"नाय चिकटली. मी कापूर घालून ठेवलीत ती."

अमोलचे कान तापले. एकेचाळीस वर्षांचा माणूस, कंपनीत हाताखाली सहा जण, आणि शाळेत कॉपी करताना धरल्यासारखा चौरंगामागे बसला होता. न शिकलेल्या बाईने त्याला अक्षरांत पकडलं होतं. त्याने पालथी पानं पुन्हा सुलटी केली. 

मग त्याने वाचलं. पिल्लं आईला म्हणाली, या बिळात उंदीर आहे, आत गेलो तर तो आम्हांला खाणार, यात संशय नाही. आग मात्र इथवर येईल की नाही, ते कोणालाच ठाऊक नाही. कदाचित वारा फिरेल. बिळातलं मरण नक्की आहे, आगीतलं नक्की नाही, तेव्हा आम्ही इथेच बसतो. आणि आई, तुला पंख आहेत. तू जा. तू राहून आम्ही वाचणार नाही, तू मात्र जळशील. आग गेली की ये. असलो तर भेटू.

'तू जा' या शब्दांवर त्याचा आवाज फाटला. खोकला आल्याचं निमित्त करून त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. बायांना वाटलं की पोराला बापाची आठवण झाली. दोघींनी पदरही डोळ्यांना लावले.

बाबाजींनी घसा साफ करून अर्थ सांगितला. "पिल्लांनी अग्नीला हात जोडले, अग्नीनं त्यांना सोडून दिलं. म्हंजे काय, तर देवावर भरवसा ठेवा."

"ते शेवटचं झालं, भाऊ," इंदुबाई म्हणाली. आता तिने डोळे उघडले होते. "हात जोडायच्या आधी आईला वाटंला लावली त्यांनी. त्याचा अर्थ सांगा की."

 तीस वर्षांत बाबाजींना कोणी अर्थाबद्दल प्रश्न विचारला नव्हता. "तूच सांग मग," ते म्हणाले. रागाने म्हणाले की कौतुकाने, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"मी काय सांगू? मी नुसती ऐकनारी," ती म्हणाली आणि पुन्हा खांबाला टेकली. आरती झाली, केळी वाटली गेली, माणसं छत्र्या सावरत उठली.

मायलेक घरी आले. घर म्हणजे ओटी, दोन खोल्या आणि मागे पडवी. पडवीतून खाजणाची खारट जमीन दिसते, तिच्यापलीकडे बांध आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे पाणी सोडायची लाकडी झडप. ओहोटीला उघडायची, भरतीला बंद करायची. नाथा ते काम बघायचा, आता इंदुबाई बघते. तिला घड्याळ लागत नाही. तिथीवरून ती भरतीची वेळ सांगते आणि खांड बांधायला जाणारी पोरंसुद्धा आधी तिच्या दारात येऊन विचारून जातात.

तिने चूल पेटवली, कारण गॅस असला तरी चहा ती चुलीवरच करते. पाठमोरी राहूनच तिने विचारलं, "कुठं बोलावलंय?"

"कोणी?"

"तेच तर इचारतेय. पंधरा दिस झाले, येतोस, बसतोस, उठतोस, बांधावर जाऊन येतोस, मोबाइल बघतोस, परत बसतोस. मला वाटलं बायकोशी भांडला. आज कललं. पान चुकवलंस तवा कललं."

मग अमोलला सांगावंच लागलं. गुजरात, नवा प्लान्ट, शनिवार. त्याने एका दमात सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाला, "पण मी जात नाहीये. माझं ठरलंय. तुला रोह्याला नेणार आहे."

"मला इचारलंस?"

"आई, इथे काय ठेवलंय आता? पुढच्या उधाणाला आणखी दोन खांडी पडतील. त्या खुंट्या बघितल्यास ना? उद्या शहर येईल नाहीतर पाणी येईल. तिथे पक्कं घर आहे, दवाखाना जवळ आहे."

"मी ऱ्हायले हाय तिथं. तुझ्या बापाचं कार्य उरकल्यावर चौदा दिस ऱ्हायले. तू कामावर, समीक्षा शाळंत, पोर शाळंत. तिसऱ्या मजल्यावरनं गुडघ्यानं उतरवत नाय. दिसभर खिडकीत. तेराव्या दिशी मला आज तिथी कंची तेच आठवंना. मी घाबरले. कोनाला सांगितलं नाय." तिने चहा गाळला. "तुझं घर वाईट नाय रं. समीक्षा तर लेकीवानी. पन मला तिथं कोन इचारील, भरती किती वाजता हाय म्हनून? आग लागनार नाय तिथं, व्हय. पन उंदीर हाय."

अमोलला राग आला. खरं तर राग कशाचा, हेही त्याला कळत नव्हतं. "म्हणजे मी तुला बिळात कोंबतोय? इथे एवढी धावपळ करतोय ती कोणासाठी? तुझ्यासाठी थांबतोय मी! नोकरीवर पाणी सोडतोय!"

"माझं नाव पुढं करू नको."

"म्हणजे?"

"म्हंजे तुला जायाची भीती वाटते, तर वाटते म्हन. माझ्या म्हातारपनाच्या आड बसू नको."

तो ताडकन उठला. पडवीत गेला, परत आला. चप्पल घातली, काढली. बाहेर जावं तर पाऊस, आत राहावं तर ती समोर बसलेली, बशीत चहा ओतून शांतपणे फुंकर घालणारी. कोणीतरी आपल्याला नीट ओळखतं, हे सुख असतं म्हणतात. त्या घडीला अमोलला ते मुळीच सुख वाटलं नाही.

शेवटी तो उंबऱ्यावर बसला आणि जमिनीकडे बघत बोलायला लागला. वीस वर्षं एकाच युनिटवर काढली, तिथला प्रत्येक व्हॉल्व्ह डोळे मिटून सापडतो. नव्या प्लान्टमध्ये सगळं कॉम्प्युटरवर. पंचविशीतली पोरं त्याला शिकवणार. भाषा वेगळी. तिथे त्याला अमोलदादा म्हणणारं कोणी नसणार. ट्रेनिंगची परीक्षा आहे म्हणे, त्यात नापास झालो तर? हे त्याने समीक्षाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं. प्रत्येक वेळी मनात ते वर यायला लागलं की तो आईचा बांध आणि आईचे गुडघे त्याच्यावर ठेवून देत होता. आता ते बाहेर आलं आणि तोंड ओशाळं झालं, पण छातीवरचं ओझं खरोखरच उतरलं.

 तो थांबल्यावर इंदुबाई म्हणाली, "तुझ्या बापाला पन वाटली व्हती. पयल्या वर्षी पोथी वाचायला बसला तवा धोतर घामानं भिजलं व्हतं. चौथी शिकलेला मानूस. आदल्या रातीला मला म्हनला, इंदे, मी पलून जातो." ती हसली. अमोलही हसला, डोळे पुसता पुसता.

"आणि तुला?" त्याने विचारलं. "तुला नाही वाटत भीती? मी गेल्यावर पाणी आलं तर?"

"वाटते ना. न वाटायला मी काय देव हाय? पानी येईल नायतर नाय येनार. वारा फिरंल नायतर नाय फिरनार. पन इथं काय करायचं ते मला म्हाईत हाय. पानी चढलं तर देवलाच्या ओटीवर जायाचं, बाबाजीभाऊ हाय, निशिगंधा हाय. निशिगंधाचा नवरा पोहून म्हैस काढतो, मला नाय काढनार?"

शेजारची निशिगंधा तेवढ्यात खरोखरच दारात आली. बांधावर जायचं होतं, नवऱ्याने विचारायला पाठवलं होतं. "काकी, उद्या भरती कवा गो?"

इंदुबाईने बोटांवर तिथी मोजली आणि वेळ सांगितली. मग म्हणाली, "थांब गो जरा. तू बारावी झालीस ना? उद्यापासनं पोथी तू वाच."

निशिगंधा दचकली. "मी? आन् अमोलदादा?"

"त्याला तयारी करायचीय. लांब जायाचंय त्याला."

अमोलला हे अनपेक्षित होतं. पिठोरी अमावास्येला समाप्ती, तोवर तरी आपलं आसन आपलंच, असं त्याने धरलं होतं. रोज हाडं खिळखिळी करून इथे येणं हा जाच आहे, असं तो जगाला सांगत फिरत होता. आता तो जाच एका वाक्यात काढून घेतला गेला. "समाप्तीपर्यंत तरी वाचतो ना, आई," तो म्हणाला. लहान मुलासारखाच म्हणाला.

"नको. पोथी कोनी बी वाचंल. तू इथं बसलास तर शनिवारी परत पान चुकवशील."

निशिगंधाने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि "बरं काकी" म्हणून निघून गेली. पाऊस थोडा उघडला होता. अमोलने मोबाइल काढला, समीक्षाला फोन लावला आणि म्हणाला, "हो कळवतोय."  पलीकडून ती म्हणाली, "आईंना विचारलंस?"

"आईने सांगितलं," तो म्हणाला.

अंधार पडायच्या आत निघायला हवं होतं. त्याने गाडी पुसली, रेनकोट चढवला आणि गाडीवर टांग टाकली. इंदुबाई ओटीच्या पायरीपर्यंत आली, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"तिथनं रोज फोन करतो," अमोल म्हणाला. "संध्याकाळी सहाला. नेमाने."

"रोज नको."

"का?"

"रोज केलास तर मी रोज दुपारपासनं फोन घेऊन बसन. एक दिस नाय आला तर जीव जाईल माझा. आन् उघाडीवर कोन जाईल मग?" इतका वेळ सरळ असलेला तिचा आवाज तिथे हलला. तिने तो हलू दिला. "आयतवारी कर. सहा दिस मला माझं काम करू दे."

अमोलने गाडीवरून उतरून तिला मिठी मारली. त्या घरात तशी रीत नव्हती, त्यामुळे दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते कळलं नाही. रेनकोटचं पाणी तिच्या लुगड्याला लागलं. ती म्हणाली, "भिजवलंस मला," आणि तरी तिने त्याला लगेच सोडलं नाही.